लाल दगडांच्या मुलखात आठ दिवस

आई-बाबा सप्टेंबरात साक्रीहून आमच्याकडे ॲरिझोनातल्या चँडलरला आले, तेव्हा आईच्या बॅगेत जुन्या लुगड्यांची एक गोधडी होती. बाहेर ४० अंश तापमान होतं, म्हणून ती थेट कपाटात गेली. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण युटाहला निघायचं ठरलं, तेव्हा आईने ती आपण होऊन काढली आणि गाडीत मागच्या सीटवर ठेवली. चौघे होतो आम्ही: आई, बाबा, माझा दहा वर्षांचा मुलगा आणि मी.

हा मुलूख मी आधी दोनदा पाहिला होता, पण धावतपळत. एका दिवसात एक पार्क, फोटो, पुढे. या वेळी बाबांना आकाश दाखवायचं होतं आणि गावं बघायची होती. बाबांच्या गुडघ्यांमुळे जमिनीवर झोपणं शक्य नाही, आईला रात्री दोनदा उठावं लागतं. त्यामुळे ग्लॅम्पिंग. म्हणजे मुक्काम जाड कॅनव्हासच्या तंबूतच, पण आत पलंग, गादी, लाकडाची शेगडी आणि बहुतेक ठिकाणी स्वतःचं न्हाणीघर. पैसे चांगल्या हॉटेलइतके पडतात, कधी जास्तच. वयस्कर माणसांना घेऊन रात्रीचं आकाश बघायचं असेल, तर ते पैसे योग्य आहेत असं माझं मत आहे.

पहिला दिवस: चँडलर ते पेज

फ्लॅगस्टाफला चढता चढता निवडुंग संपतात आणि सात हजार फुटांवर पाईनची झाडं लागतात. पुन्हा उतार, आणि नावाहो या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांची उघडी, गुलाबी जमीन. पेज हे गाव १९५७ मध्ये धरणावरच्या कामगारांसाठी वसवलं. ग्लेन कॅन्यन धरण ७१० फूट उंच आहे. बाबा कठड्याला टेकून बराच वेळ खाली बघत राहिले. जलाशयाच्या काठाच्या लाल कड्यांवर पांढरा पट्टा आहे, पाणी पूर्वी कुठवर होतं ते सांगणारा. "एवढं उतरलं?" इतकंच ते म्हणाले.

दुपारी अँटेलोप कॅन्यन, म्हणजे दगडातल्या दोन अरुंद घळी, एक वरची आणि एक खालची. तिथे नावाहो गाईडशिवाय जाता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. १२ ऑगस्ट १९९७ रोजी खालच्या घळीत अचानक लोंढा येऊन ११ पर्यटक गेले. पाऊस त्यांच्या डोक्यावर नव्हताच, तो कित्येक मैल दूर पडला होता. आम्ही वरची घळ घेतली, तिथली वाट सपाट आहे. भिंतींवरून हात न लावता नुसती नजर फिरवली तरी कळतं की हे पाण्याने केलेलं काम आहे.

एक सूचना: ॲरिझोना घड्याळ बदलत नाही, युटाह बदलतं, आणि ॲरिझोनातला नावाहो प्रदेशही बदलतो. मार्चपासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत इथे वेळा ठरवताना 'कुणाची वेळ' हे विचारूनच घ्या.

दुसरा दिवस: कनॅब, पँगविच

कनॅब हे १८७० मध्ये वसलेलं मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचं गाव. काउबॉयच्या सिनेमांचं चित्रीकरण इथे इतकं झालं, की याला 'छोटं हॉलिवूड' म्हणतात. मला मात्र आईला दुसरी गोष्ट सांगायची होती. १९१२ ते १९१४ या काळात या गावाचा कारभार पूर्ण स्त्रियांच्या हातात होता. नगराध्यक्ष मेरी वूली चेंबरलेन हॉवर्ड आणि बाकी सगळं मंडळही बायकांचंच. निवडणुकीत त्यांची नावं कुणीतरी चेष्टेने घातली, पण त्या निवडून आल्या आणि मुदत पूर्ण होईपर्यंत त्यांनी काम केलं. मोकाट गुरांच्या मालकांना दंड लावला. पूर्ण अमेरिकेत स्त्रियांना मताचा हक्क मिळाला तो १९२० मध्ये. आई तीस वर्षांपूर्वी ग्रामपंचायतीत सदस्य होती. तिने विचारलं, "गुरांचा दंड वसूल झाला का?" आमच्या गावात तो कधी झाला नव्हता.

तिथून पँगविच. दोन्ही बाजूंना लाल विटांची घरं, रुंद रस्ते, शांत दुपार. १८६४ मध्ये इथे पहिली कुटुंबं आली. साडेसहा हजार फुटांवरचं गाव, गहू पिकायच्या आधीच गारठ्याने गेला. हिवाळा आला तेव्हा घरांत पीठ नव्हतं. सात माणसं बैलगाडी घेऊन डोंगरापलीकडच्या पॅरोवनला पीठ आणायला निघाली. बर्फ इतकं खोल होतं, की गाडी आणि बैल वाटेत सोडावे लागले आणि पुढे चालणंही अशक्य झालं. तेव्हा प्रार्थनेसाठी त्यांनी बर्फावर गोधडी अंथरली. गुडघे टेकले तर लक्षात आलं की गोधडीवर माणूस खाली रुतत नाही. मग एक गोधडी पुढे टाकायची, तिच्यावर पाऊल, मागची उचलून पुन्हा पुढे. असे ते पॅरोवनला पोचले आणि पीठ घेऊन परत आले. दर जूनमध्ये गावात त्या चालण्याचा उत्सव असतो.

मी हे गाडीत सांगितलं आणि आई एकदम गप्प झाली. मग म्हणाली, "गोधडीच्या पोटात भाकरीचा तुकडा ठेवतात ते उगाच नाही बाई."

आजीची ती पद्धत मी विसरले होते. गोधडी कडेकडेने शिवत आत यायचं, शेवटी मधे हातभर जागा उरते. तिथे हळदकुंकू लावून भाकरीचा छोटा तुकडा ठेवायचा आणि मग धावदोरा पुरा करायचा. गोधडी उपाशी राहिली तर तिच्यात झोपणारा उपाशी राहतो, असं आजी म्हणायची.

मुख्य रस्त्यावर गोधड्यांचं एक दुकान दिसलं. आईने गाडीतली गोधडी काखेत घेतली आणि सरळ आत गेली. दुकानातल्या बाईंनी ती टेबलावर पसरली, चष्मा लावला, उलटी करून मागचे टाके बघितले. आईने त्यांच्या गोधडीचे कोपरे तपासले. मी भाषांतर करायला उभी होते, पण माझी फारशी गरज पडली नाही. त्या बाईंनी बोटाने आईच्या गोधडीच्या मधोमध दाबलं आणि भुवया उंचावल्या, तिथे थोडं जाड लागतं ना! मी भाकरीचं सांगितलं. त्यांनी आईचा हात दोन्ही हातांत धरला.

आम्ही अर्ध्या तासासाठी थांबलो होतो, दोन तास गेले. ब्राईस कॅन्यन या उद्यानातला सूर्यास्त हुकला. मला त्याचं काही वाटलं नाही.

रात्री ब्राईसजवळ तंबूत मुक्काम. आठ हजार फुटांच्या आसपास उंची, पारा शून्याखाली. शेगडी पहाटे तीनला विझली. उठून लाकडं घालेपर्यंत दात वाजत होते. माझा मुलगा मात्र आजीच्या गोधडीत घामेजून झोपला होता.

तिसरा दिवस: ब्राईस आणि बारा नंबरचा रस्ता

पहाटे कड्यावर गेलो. खाली हजारो सुळके, नारिंगी, गुलाबी, काही टोकांना पांढरे. ब्राईस ही खरं तर दरी नव्हे. नदीने कापलेली नाही, तर पठाराची कड झिजून झालेले अर्धगोल आहेत. वर्षातल्या दीडशेहून जास्त रात्री भेगांतलं पाणी गोठतं, फुगतं, दगड फोडतं आणि सकाळी वितळतं. पायूट या इथल्या मूळ जमातीचे लोक म्हणतात, की ही माणसं होती, वाईट वागली म्हणून कोल्ह्याच्या रूपातल्या देवाने त्यांना दगड केलं. आईने बघितल्याबरोबर ठरवलं, "हे वऱ्हाड आहे." माहुली किल्ल्याशेजारी नवरा, नवरी आणि भटोबा सुळके आहेतच की आपल्याकडे. ऊन सरकत गेलं तसे आई-नातू मिळून नवरदेव, करवल्या आणि वाजंत्री शोधत बसले.

बारा नंबरचा रस्ता पँगविचजवळून टॉरीपर्यंत १२४ मैल जातो. अमेरिकेत मी फिरलेल्या रस्त्यांत याच्या जवळपास येणारा दुसरा नाही. एस्कलांटे गावाजवळ मुक्काम, इथे तंबूऐवजी जुन्या अल्युमिनियमच्या गाडीत केलेली खोली. आईने कळण्याची भाकरी आणि ठेचा केला. बाबांना ही जागा सर्वांत कमी आवडली, "डब्यात कोंडल्यासारखं होतं." त्यांचं बरोबर होतं.

चौथा दिवस: बोल्डर ओलांडून टॉरी

एस्कलांटे सोडल्यावर रस्ता एका धारेवर चढतो. दोन्ही बाजूंना खोल दरी, मधे जेमतेम दोन गाड्यांची जागा, कठडा नाही. बाबा पुढे बसले होते. त्यांनी दारावरचं हँडल सोडलं नाही, पण डोळेही मिटले नाहीत. पुढचं बोल्डर गाव इतकं आडवळणी, की १९४० च्या सुमारापर्यंत तिथे टपाल खेचरांच्या पाठीवरून यायचं. तिथे बाराव्या शतकातल्या वस्तीचं उत्खनन आणि छोटं संग्रहालय आहे. दळायचे पाटे-वरवंटे मांडून ठेवलेत, आणि मका ठेवायची कोठारं आहेत.

बोल्डर डोंगराचा घाट साडेनऊ हजार फुटांवर जातो. अ‍ॅस्पेनची झाडं पिवळीधमक झाली होती. हा आठवडा साधायचा असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरची सुरुवात, त्यानंतर पानं राहत नाहीत.

टॉरीला आमचा मुक्काम होता पांढऱ्या छताच्या चाकांच्या गाडीत. मॉर्मन लोक ज्या गाड्यांतून आले, तशा आकाराच्या गाड्या करून आत पलंग टाकलेत. बाबांनी आधी खाली वाकून आस आणि चाकं बघितली. "दमणी," ते म्हणाले, "पण आरे जास्त आहेत." टॉरी हे काळोख जपणारं गाव आहे, रात्री दिवे झाकलेले असतात, त्याला तशी आंतरराष्ट्रीय मान्यताही आहे. आकाशगंगा आडवी पसरली होती. बाबा लहानपणी खळ्यावर झोपायचे तेव्हाचं आकाश असंच होतं, असं ते म्हणाले. मग मृग कुठे उगवतो ते नातवाला दाखवायला त्याला मध्यरात्री उठवलं.

पाचवा दिवस: फ्रूटा

हा दिवस मी काहीही न ठरवता मोकळा ठेवला होता.

कॅपिटल रीफमध्ये जमिनीला पडलेली सुमारे शंभर मैलांची वळी आहे. उंच लाल भिंत आणि तिच्यावर पांढरे घुमट. या भिंतीतून फ्रीमाँट नदी वाट काढते, आणि त्या वळणावर हिरवा चौकोन आहे, फ्रूटा. १८८० च्या दशकात इथे काही कुटुंबं आली. एका वेळी दहापेक्षा जास्त घरं कधीच नव्हती. त्यांनी नदीला चर काढून पाणी वळवलं आणि सफरचंद, पेअर, पीच, जर्दाळू, चेरी, अक्रोड लावले. गाव आता नाही. शेवटची माणसं १९६९ मध्ये गेली, आणि १९७१ मध्ये हे राष्ट्रीय उद्यान झालं. पण बागा आहेत. उद्यानाची माणसं त्यांची निगा राखतात, आणि पाणी अजून त्याच पद्धतीने, उताराने, पाटातून येतं.

बाबा गाडीतून उतरले ते बागेकडे गेलेच नाहीत. पाटाच्या कडेला बसले. आमचं शेत पांझरा नदीच्या काठी, फडबागायतीत. बंधाऱ्यावरून पाट निघतो, फडांत वाटला जातो, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, पाणी पाटकरी सोडतो, जागल्या राखण करतो, आणि कुणाला किती ते गाव ठरवतं. काहीशे वर्षं हे चालत आलंय. बाबा लहानपणी आजोबांबरोबर पाळी धरायला रात्री जायचे. त्यांनी पाण्यात हात घातला, काडी टाकून तिचा वेग बघितला, मग उठून पाटाबरोबर चालत गेले. मला वाटलं पाच मिनिटांत येतील. तासाभराने परत आले ते वरपर्यंत जाऊन. "चर कुठे फुटेल ते ओळखून त्यांनी दगड लावलेत," ते म्हणाले. "माणूस पाण्यातला होता."

मग मी त्यांना बेहुनिन कुटुंबाची झोपडी दाखवली. रस्त्याला लागूनच आहे, एका खोलीची, दगडाची, १८८३ मधली. त्या कुटुंबात दहाहून जास्त मुलं होती. आईने आत डोकावून झोपायच्या जागा मोजल्या. ती मंडळी इथे फार टिकली नाहीत, पुराने त्यांचा पाट आणि शेत नेलं. फ्रूटा काही मैल वरच्या अंगाला, नदी तीच. बाबा म्हणाले, "जागा चुकली. पाणी जिथे वळताना दमतं तिथे बसायचं असतं."

शाळा १८९६ मधली, एका खोलीची, १९४१ पर्यंत चालली. खिडकीतून बाकं दिसतात. गिफर्ड कुटुंबाच्या घरात आता फळांचं सारण भरून भाजलेली 'पाय' (pie) विकतात, आम्ही सफरचंदाची घेतली.

सफरचंदं तोडायची पद्धत सुंदर आहे. बागेत उभं राहून हवी तितकी खा, पैसे नाहीत. बरोबर न्यायची असतील तर तिथल्या तराजूवर तोला आणि पेटीत पैसे टाका. शिडी आणि लांब दांड्याची झोळी ठेवलेली असते. आईने पदर खोचला आणि शिडीवर चढायला निघाली, मला तिला थांबवायला लागलं. मुलाने झोळी धरली, आई खालून सांगत होती, "देठ मोडू नको, डोळा राहू दे, पुढच्या वर्षी तिथेच फुटेल."

महामार्गाच्या कडेच्या खडकावर त्रिकोणी अंगाची, शिंगांची माणसं कोरलेली आहेत. फ्रीमाँट संस्कृतीच्या लोकांनी याच नदीवर मका पिकवला होता, मॉर्मन येण्याच्या कित्येक शतकं आधी. मॉर्मनांच्या कष्टांचं वाचताना माझ्या मनातून हे निसटत होतं, त्या चित्रांसमोर ते परत आलं.

सहावा दिवस: ब्लफ

हँक्सव्हिलला टाकी पूर्ण भरा. पुढे ९५ नंबरच्या रस्त्यावर शंभराहून जास्त मैल जवळजवळ काही नाही. कोलोरॅडो नदीवरचा पूल, लाल भिंती, पुन्हा रिकामं. दुपारी मोकी डगवे उतरलो: पठाराच्या कड्यावरून खडीचा, नागमोडी, हजार-अकराशे फुटांचा उतार. युरेनियमचं खनिज न्यायला १९५० च्या दशकात एका खाण कंपनीने खोदलेला. पहिल्या गिअरमध्ये, ब्रेक सतत दाबून न धरता हळू जायचं. आईने मारुती स्तोत्र म्हटलं, दोनदा.

ब्लफ इथे मला मुद्दाम यायचं होतं. १८७९ च्या हिवाळ्यात नवी वस्ती करायला सुमारे अडीचशे मॉर्मन माणसं ८३ गाड्या घेऊन निघाली. सहा आठवड्यांचा प्रवास धरला होता, लागले सहा महिने. कोलोरॅडो नदीवर कड्यात एक अरुंद फट होती. ती सुरुंगाने आणि कुदळींनी रुंद करून त्यांनी गाड्या दोर बांधून खाली सोडल्या. वाटेत बाळं जन्मली, आणि कुणीही दगावलं नाही. त्यांना अजून पुढे जायचं होतं. एप्रिल १८८० मध्ये सॅन वान नदीच्या काठी आल्यावर ते इतके थकले होते, की तिथेच थांबले. तेच ब्लफ.

त्यांनीही पाट काढले, पण सॅन वानने ते पुन्हा पुन्हा नेले. नदी गाळाने भरायची, पात्र बदलायची. बरीच कुटुंबं शेवटी निघून गेली, काहींनी गुरांवर पैसा केला आणि दगडाची देखणी घरं बांधली. ती उभी आहेत. किल्ल्यासारखी पहिली वस्ती पुन्हा बांधली आहे, आत गाड्या आहेत. मुलाने एका गाडीचा दोर ओढून बघितला. इथले मार्गदर्शक गोष्ट मनापासून सांगतात. हा मुलूख त्याआधी यूट आणि नावाहो लोकांचा होता, त्याबद्दलही तितकंच सांगायला हवं, असं मला वाटलं.

सातवा दिवस: मॉन्युमेंट व्हॅली

वाळवंटातून एकटे उभे असलेले ते प्रचंड लाल खडक सगळ्यांनी चित्रात पाहिलेत, म्हणून त्यांच्याबद्दल लिहीत नाही. मुक्काम एका नावाहो बाईंच्या होगनमध्ये, म्हणजे नावाहो पद्धतीच्या घरात होता. ज्युनिपरच्या ओंडक्यांवर मातीचा थर, आत चोपलेली जमीन, मधे शेगडी, दार पूर्वेला. आई दारातच उभी राहून छताकडे बघत राहिली. "धाब्याचं घर," ती म्हणाली. आमचं जुनं घर धाब्याचंच होतं, पावसाळ्याआधी वर खारी माती टाकायला सगळं घर चढायचं.

बाईंनी तळलेली भाकरी केली, फ्रायब्रेड. पुरीसारखी फुगते, जाड असते. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्याने नावाहो लोकांना शेकडो मैल चालवत न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोला नेऊन ठेवलं. तिथे मिळणाऱ्या शिध्यातल्या पीठ-चरबीतून ही भाकरी आली. १८६८ च्या करारानंतर ते आपल्या जमिनीवर परतले. पँगविचच्या गोधड्या आणि हे चालणं, एकाच वर्षात सुरू झालेल्या दोन गोष्टी. आईने ते लक्षात आणून दिलं, मी नाही.

होगनमागे निळी टाकी होती. बाई पिकअपमधून पाणी भरून आणतात, घरात नळ नाही. नावाहो प्रदेशात असं आजही बऱ्याच घरांत आहे, पर्यटकांच्या हॉटेलांत मात्र शॉवर चालू असतात. बाबांनी बहात्तरच्या दुष्काळातलं सांगायला सुरुवात केली, मी जमेल तसं भाषांतर केलं. बाईंनी विचारलं, "विहिरीत किती फुटांवर लागायचं?" हा प्रश्न मला सुचला नसता. मग त्या दोघांचं फुटांवर बोलणं चाललं.

रात्री अंग धुवायला आईने अर्धी बादली वापरली.

आठवा दिवस

पहाटे पूर्वेच्या दारातून ऊन सरळ गादीवर आलं. बाई बाहेर उगवतीकडे तोंड करून उभ्या होत्या. आई जाऊन त्यांच्याशेजारी उभी राहिली आणि हात जोडले. निघताना आईने त्यांना फ्रूटाची सफरचंदं दिली.

केएंटाला पेट्रोल भरताना फोनला रेंज आली. साक्रीत संध्याकाळ होती, बाबांनी काकांना फोन लावला. काका म्हणाले, पाऊस उघडलाय, उद्या पाट साफ करायला सगळे जमणार आहेत. बाबांनी त्यांना सगळ्यांत आधी फ्रूटाचा पाट सांगितला: रुंदी दीड हात, उतार मंद, तळाला गाळ नाही.